अनुज्ञा आणि आतिथ्य

तापी ओलांडून उत्तर तीराला लागले की उत्राण येते आणि उत्राणच्या पुढचे स्टेशन ते कोसाड. एके काळचे हे शेतीवाडीचे गाव आज सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून, शहरातल्या झोपड्यांतून उठवलेल्या कुटुंबांसाठी बांधलेल्या आवासांच्या लांबच लांब रांगा त्याच्या शिवारात उभ्या आहेत. जिन्यावर ओडिया ऐकू येते, ओट्यावर काठेवाडी, आणि पाण्याच्या नळापाशी आमच्या खानदेशची अहिराणी. संध्याकाळी फलाटाच्या टोकाशी उभे राहून दक्षिणेकडे पाहिले असता सुरतेचे दिवे दिसतात, आणि ज्या शहराला मोगलाईत मक्केचा दरवाजा म्हणत असत, ज्याच्या बंदरावर हाजी, सौदागर, फिरंगी, वलंदेज आणि इंग्रज यांची शतकानुशतके ये-जा चालली, त्या शहराच्या उंबरठ्यावर आपण उभे आहोत, ही जाणीव मनाला स्पर्श करून जाते. उंबरठ्याचा प्रश्न सर्वत्र एकच असतो: बाहेर उभा आहे त्याला आत घ्यावे की नाही, आणि घ्यावयाचे तर कोणत्या अधिकाराने व कोणत्या वचनाने?

आपल्या धर्माने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी आणि फार उदार अंतःकरणाने देऊन ठेवले आहे. अतिथीला देवासमान मानावे अशी तैत्तिरीय उपनिषदातील गुरूची स्नातकाला आज्ञा आहे, आणि त्याच उपनिषदात पुढे, निवाऱ्यासाठी आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, हे व्रत म्हणून सांगितले आहे. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री अन्नावाचून ताटकळला, तेव्हा साक्षात मृत्यूला आपल्या आतिथ्यातील न्यूनाबद्दल तीन वर देऊन प्रायश्चित्त घ्यावे लागले. दाराशी आलेल्याला तू कोण, कोठला, कोणत्या कामासाठी आलास, हे विचारण्यापूर्वी त्याच्या पायांवर पाणी घालावे, हा आमच्या आजीच्या घरचा रिवाज याच आज्ञेचा वारसदार होता.

परंतु राज्याच्या दाराशी गोष्ट निराळी. एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राकडे आपला राजदूत पाठवावयाचा असला, तर त्याचे नाव आधी गुपचूप कळवावे लागते, आणि त्या राष्ट्राची पूर्वसंमती, जिला राजनीतीच्या परिभाषेत फ्रेंच शब्दाने 'आग्रेमाँ' म्हणतात, ती हाती आल्यावाचून नेमणूक जाहीर करता येत नाही. १९६१ साली व्हिएन्ना येथे झालेल्या आणि १९६४ पासून अमलात आलेल्या करारात हा दंडक चौथ्या कलमात नमूद आहे, आणि त्याच कलमात असेही म्हटले आहे की, संमती नाकारणाऱ्या राष्ट्रावर कारण सांगण्याचे बंधन नाही. नववे कलम याच्याही पुढे जाते: आलेल्या दूताला कोणत्याही क्षणी, कारण न देता, आणि येण्यापूर्वीसुद्धा, अस्वीकार्य ठरवता येते. भारताने हा करार १९६५ साली पत्करला. म्हणजे कोणासही परत पाठवू नये असे ज्या देशाच्या उपनिषदाने सांगितले, त्याच देशाच्या सरकारने, कोणासही कारण न सांगता परत पाठवता येईल, हा नियम पत्करला. यात आपण धर्मापासून ढळलो काय, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आला आहे. आणि त्याचा उलगडा मला ग्रंथांतून जितका झाला तितकाच या सुरतेच्या इतिहासातूनही झाला.

१७८५ च्या मार्च महिन्यात चार्ल्स मॅलेट नावाचा एक इंग्रज आपल्या लवाजम्यासह सुरतेहून निघाला आणि उज्जैन, ग्वाल्हेर या मार्गाने महादजी शिंद्यांच्या छावणीकडे गेला. त्याला जावयाचे होते पुण्याला; पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा कायमचा वकील म्हणून राहावयाचे होते. सुरतेहून पुणे दक्षिणेला, आणि हा गृहस्थ शेकडो कोस उत्तरेला मथुरा-आग्र्याच्या प्रांती गेला, याचे कारण शोधू लागले म्हणजे आज ज्याला आपण आग्रेमाँ म्हणतो त्याचे अस्सल मराठी रूप डोळ्यांसमोर उभे राहते. १७८२ सालचा सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला होता आणि त्या तहाची जामीनकीही त्यांच्याच शिरावर होती. इंग्रजांचे पुण्याशी जे काही बोलणे व्हावयाचे ते त्यांच्या द्वारे व्हावे, हा त्यांचा मान होता. पुण्यास निराळा वकील ठेवणे म्हणजे त्या मानाला धक्का देणे होय, हे कलकत्त्याच्या इंग्रजांना पुरते ठाऊक होते, म्हणून मॅलेटला आधी महादजींचे मन वळवण्यास धाडले गेले. ही संमती मिळवून, कलकत्त्यावरून मुंबईस परत येऊन, १७८६ च्या मार्चमध्ये, म्हणजे सुरत सोडल्याला वर्ष होत आले तेव्हा, तो पुण्यात दाखल झाला.

या हकिकतीत मला विशेष विचार करण्याजोगी वाटते ती गोष्ट पुढेच आहे. हा मॅलेट पुणे दरबाराला अनोळखी नव्हता, आणि जी ओळख होती ती काही चांगली नव्हती. १७७५ साली राघोबादादा पराभूत होऊन खंबायतेच्या आश्रयाला धावले तेव्हा तेथे इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या याच मॅलेटने त्यांना भावनगरमार्गे सुरतेस निसटून जाण्याची वाट करून दिली होती, आणि त्याच सालच्या ६ मार्चला सुरतेत झालेल्या तहाने जे युद्ध पेटले त्याची झळ नाना फडणिसांनी सात वर्षे सोसली होती. नानांच्या जागी दुसरा कोणी सूडबुद्धीचा कारभारी असता तर एवढे कारण पुरेसे होते. नानांनी तरीही मॅलेटला घेतले. मुळामुठेच्या संगमावर त्याला जागा दिली, आणि १७९० साली टिपूविरुद्धच्या त्रिपक्षीय तहाची बोलणी याच माणसाशी केली. गतकाळात शत्रूच्या उपयोगी पडलेला माणूस स्वीकारताना नाना त्याचे पूर्वचरित्र विसरले असे मी म्हणणार नाही, कारण विसरणे हा नानांचा स्वभाव नव्हता. त्यांनी बहुधा एवढेच ओळखले की मॅलेट जे खंबायतेस करीत होता ते मालकाचे काम होते, आणि पुण्यास करील तेही मालकाचेच असेल.

दूताविषयीच्या साऱ्या धर्मविचाराची किल्ली येथे आहे असे मला वाटते. कौटिल्याने अर्थशास्त्रात दूताला एक स्वतंत्र अध्याय दिला असून त्याचे तीन प्रकार मानले आहेत: ज्याला कार्याचा पूर्ण अधिकार दिला आहे असा, ज्याचा अधिकार मर्यादित आहे असा, आणि केवळ राजाचा लेख पोहोचवणारा. त्याच अध्यायात, परराज्याच्या अधिष्ठानात दूताने अनुज्ञा घेऊन प्रवेश करावा, असे तो सांगतो. आणि लगेच, ज्या राजाला हे निरोप ऐकावे लागतात त्याला दूताने बजावावे असे सांगतो की, शस्त्रे उगारली असतानाही दूत सांगितले तेच बोलत असतो, बोल परक्याचे असतात, म्हणून कितीही हीन मानलेल्या जातीचा दूत असला तरी त्याचा वध करता येत नाही. अनुज्ञा आणि अवध्यता ही दोन वचने एकाच अध्यायात, थोड्याच ओळींच्या अंतराने यावीत, यात मला ग्रंथकाराची योजना दिसते. ज्याला हात लावणार नाही असे व्रत घ्यावयाचे आहे, त्याला आत घेण्यापूर्वी पाहून घेण्याचा अधिकार यजमानाला असलाच पाहिजे. आणि ज्याने पाहून, विचारून आत घेतले, त्याला मग तो दूत अप्रिय बोलला म्हणून हात उचलण्याची सबब उरत नाही. व्हिएन्नाच्या करारातही हेच आहे: चौथ्या आणि नवव्या कलमाने जो दरवाजा इतका अरुंद केला, त्याच्या आत एकोणतिसाव्या कलमाने दूताचे शरीर अनतिक्रम्य केले आहे, त्याच्या वकिलातीत त्याच्या परवानगीवाचून यजमान राष्ट्राच्या शिपायालाही पाऊल टाकता येत नाही, आणि दोन राष्ट्रांत युद्ध पेटले तरी त्याला सुखरूप बाहेर पडू देण्याचे कर्तव्य सुटत नाही. दाराशी मोकळीक आणि दाराआत इतके कडक बंधन! एका व्रताचे हे दोन भाग आहेत, आणि पहिला भाग काढून घेतला तर दुसरा पाळण्याची शक्ती कोणत्याही राज्यात राहणार नाही.

परंतु अनुज्ञा द्यावयाची ती कोणाला, हे ठरवण्यासाठी आलेला मनुष्य खरोखरच कोणाचा शब्द घेऊन आला आहे हे कळले पाहिजे, आणि सुरतेच्या मोगल अंमलदारांची या बाबतीत फार कुचंबणा झाली. १६०८ साली विल्यम हॉकिन्स इंग्लंडच्या राजाचे पत्र घेऊन सुरतेस उतरला; आग्र्याला जाऊन त्याने जहांगीर बादशहाची मर्जी संपादली आणि बादशहाने त्याला चारशे स्वारांची मनसब दिली. आता, एका राजाचा एलची दुसऱ्या राजाची मनसब पत्करतो तेव्हा तो कोणाचा राहतो? त्याच्यानंतर आणखीही इंग्रज आले, आणि त्यांनीही राजदूताचे नाव लावले, पण होते ते व्यापारी कंपनीचे नोकर. त्यामुळे १६१५ च्या सप्टेंबरात सर थॉमस रो, ज्याला पहिल्या जेम्स राजाने खरोखरच अधिकारपत्र देऊन पाठवले होते, तो सुवाळीच्या बाऱ्यात आला, तेव्हा एलची हा शब्द सुरतेत इतका झिजला होता की अंमलदारांना त्याचे हसू येई. बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येकाची अंगझडती घेण्याचा तेथे शिरस्ता होता. आपण स्वतंत्र राजाचे प्रतिनिधी आहोत, आपली व आपल्या माणसांची झडती होता कामा नये, असा रोचा आग्रह होता, आणि सुभेदार झुल्फिकारखानाला तो उद्धटपणा वाटत होता. या वादात कितीतरी दिवस गेले. पाश्चात्त्य लेखक रोच्या ताठ मानेचे कौतुक करतात आणि मोगल अंमलदारांना अडाणी ठरवतात. मला त्या अंमलदारांचाही पक्ष समजू शकतो. नाव खोटे लावणारे पाच-सात लोक येऊन गेल्यावर पुढचा खरा आला तर त्याच्या कपाळावर खरेपणा लिहिलेला नसतो. १६१६ च्या जानेवारीत अजमेरला जहांगीरने रोची भेट घेतली, त्याचे पत्र घेतले, आणि तेव्हाच तो पूर्ण अर्थाने दूत झाला. कारण पाठवणाऱ्याने दूत नेमला तरी, ज्याच्याकडे पाठवला त्याने घेतल्यावाचून तो केवळ दूरदेशी आलेला एक प्रवासी असतो. आजही राष्ट्रपती भवनात परकी राजदूत आपली अधिकारपत्रे राष्ट्रपतींच्या हाती देतो, तो क्षण पाहिला की मला सुवाळीच्या वाळूवर ताटकळणारा रो आठवतो.

सुरतेने याहून भयंकर प्रसंगही पाहिला आहे, आणि तो मराठी मनाने विशेष विचारात घ्यावा असा आहे. १६६४ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शिवाजी महाराज सुरतेवर आले; बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर एका बागेत त्यांचा तळ पडला; सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. महाराजांनी त्याच्याकडे व शहरातील तिघा बड्या सावकारांकडे, भेटीस येऊन खंडणीचा ठराव करावा, असा निरोप धाडला होता. उत्तर आले नाही. मग ७ जानेवारीला किल्ल्यातून एक तरुण तहाची बोलणी करण्याच्या मिषाने छावणीत आला. त्याला दूत म्हणून आत घेण्यात आले, महाराजांच्या जवळ जाऊ देण्यात आले, आणि बोलणे चालू असता त्याने लपवलेला खंजीर काढून महाराजांवर झेप घेतली. अंगरक्षकाने तलवारीच्या घावाने त्याचा हात तोडला, पण वेगाच्या भरात तो महाराजांवर आदळला, दोघेही जमिनीवर कोसळले, आणि रक्त पाहून छावणीत हाकाटी झाली की महाराज गेले. सुडाने पेटलेल्या लोकांनी कैद्यांच्या कत्तलीसाठी तलवारी उपसल्या. सुरतेच्या इंग्रज वखारीचा धर्मोपदेशक एस्कालियट याने सर थॉमस ब्राऊन यास लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग वर्णिला आहे. महाराज उठले आणि त्यांनी सरसकट कत्तल थांबवली. तथापि त्या दिवशी काही कैद्यांची डोकी उडवली गेली आणि कित्येकांचे हात तोडले गेले, हेही तितकेच खरे आहे, आणि महाराजांवरील भक्तीपोटी ते झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

या प्रसंगात अपराध कोणाचा, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने सोपा आहे. धर्माच्या दृष्टीने तो खोल आहे. खंजीर मारणारा तो तरुण फारतर एक प्राण घेऊ शकला असता. इनायतखानाने त्याच्या हाती जे दिले त्याने दूत या नावाचाच घात झाला. त्या दिवसापासून सुरतेच्या वेशीबाहेर तहाचे निशाण घेऊन येणाऱ्या प्रत्येक खऱ्या माणसाच्या पोशाखात खंजीर आहे काय हे चाचपावे लागणार होते. रोला जी झडती अपमानाची वाटली होती, ती का घ्यावी लागते याचे उत्तर ४९ वर्षांनी त्याच शहराच्या बाहेर मिळाले. म्हणूनच मला महाराजांचे पुढचे वर्तन अधिक मोलाचे वाटते. या प्रसंगानंतर दहा वर्षांनी, १६७४ च्या मे महिन्यात, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला येऊन थांबला. महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडी गेले होते, तेव्हा परत येईपर्यंत त्याला तेथेच राहावे लागले, आणि मग अनुज्ञेने तो गडावर गेला. राज्याभिषेकाच्या दरबारात त्याच्यासोबतच्या नारायण शेणव्याने नजरेची हिऱ्याची अंगठी उंच धरली, ती सिंहासनावरून महाराजांच्या दृष्टीस पडली, आणि त्यांनी या दोघांना सिंहासनाजवळ बोलावून घेतले. दूताच्या वेषात आलेल्या खंजिराचा अनुभव ज्याच्या अंगावर होता, त्याने ऐन अभिषेकाच्या दिवशी परक्या वकिलाला पायरीपर्यंत येऊ द्यावे, ही निर्भयता मला लढाईतल्या निर्भयतेहून मोठी वाटते.

इतके झाल्यावर मूळ प्रश्नाकडे वळतो. अतिथीला न विचारता घ्यावे आणि दूताला विचारून घ्यावे, या दोन आज्ञांतील भेद रामायणाने एकाच व्यक्तीच्या चरित्रात दाखवला आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे बिभीषण. लंकेत हनुमान बांधून आणला गेला आणि रावणाने वधाची आज्ञा केली, तेव्हा दूताचा वध करता येत नाही, तो दुसऱ्याने पाठवला असून दुसऱ्याचे बोल बोलतो, दंड करावयाचा तर पाठवणाऱ्याला करावा, हा युक्तिवाद बिभीषणाने केला. पुढे तोच बिभीषण चार सोबत्यांसह समुद्र ओलांडून रामाच्या तळापाशी आला. सुग्रीवाने त्याला घेण्यास विरोध केला, तो शत्रूचा भाऊ, हेर असेल, घात करील, असे म्हटले. इतरांनी परीक्षा घ्यावी असे सुचवले. हनुमानाने त्याच्या बाजूने सांगितले. आणि रामाने सर्वांचे ऐकून घेऊन, जो शरण आला तो दुष्ट असला तरी त्याला अभय देणे हे आपले व्रत आहे, असा निर्णय दिला. लंकेत तो ज्याच्या वतीने बोलला तो हनुमान परक्याचा शब्द घेऊन आलेला होता. समुद्रतीरावर उभ्या असलेल्या बिभीषणापाशी कोणाचाच शब्द नव्हता, तो स्वतःच स्वतःला घेऊन आला होता. जो एकटा येतो, आपल्या भुकेसाठी, निवाऱ्यासाठी, प्राणासाठी येतो, तो अतिथी. त्याच्याबाबत परीक्षेचा अधिकार यजमानाने सोडून द्यावा, असे उपनिषदही सांगते आणि रामही वागून दाखवतो. ज्याच्या मागे दुसरा उभा असतो तो दूत. त्याला स्वीकारणे म्हणजे त्या दुसऱ्याला स्वीकारणे आहे, आणि त्या दुसऱ्याविषयी विचार करण्याचा अधिकार सोडून देणे हा उदारपणा नसून आपल्या प्रजेविषयीची हयगय होईल.

कारण न सांगण्याची जी मुभा राष्ट्रांना आहे तिच्याविषयीही माझे मन हळूहळू बदलले. आरंभी ती मला उर्मट वाटे. ज्याला नाकारले त्याला निदान का नाकारले हे कळावे, असे वाटे. पण १८८५ सालचे एक उदाहरण पाहा. अमेरिकेने अँथनी कायली नावाच्या गृहस्थास इटलीकडे वकील नेमले. पोपच्या राज्याचा प्रदेश इटलीने घेतला तेव्हा कायलीने त्याविरुद्ध भाषण केले होते, म्हणून इटलीने त्याला नाकारले. मग त्याला ऑस्ट्रिया-हंगेरीकडे नेमले. तेथील सरकारने त्याच्या यहुदी पत्नीचे कारण पुढे केले, आणि अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री बेयार्ड याने, धर्माची अशी कसोटी आपल्याला मान्य नाही, असे स्पष्ट कळवले. अमेरिकेने झाल्या प्रकाराचा निषेध केला, कायली परत फिरला, आणि एका स्त्रीचा धर्म दोन सरकारांच्या कागदपत्रांत कायमचा वादविषय होऊन राहिला. उच्चारलेले कारण मागे घेता येत नाही. मौनाला मात्र पुढे मार्ग असतो. नाव गुपचूप कळवले जाते, उत्तर येत नाही, पाठवणारे राष्ट्र समजते, दुसरे नाव जाते, आणि ज्या माणसाला नाकारले त्याच्या मानाला जाहीर धक्का लागत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील हे मौन दोन्ही बाजूंची अब्रू राखते.

येथे मला थांबून एक सांगावेसे वाटते. खानदेशातून मी सुरतेस आलो तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी पुष्कळ फिरलो. एका वसाहतीत खोली पाहिली, आवडली, भाडेही परवडणारे होते. कारभारी गृहस्थांनी नाव विचारले, गाव विचारले, घरात काय शिजते ते विचारले, आणि मग 'पछी कहीशुं' म्हणाले. ते 'पछी', ते 'मग', आजतागायत आलेले नाही. मी आठवडाभर रोज संध्याकाळी त्या जिन्याशी जाऊन येत असे. त्या मौनाची आठवण अजून सलते, आणि म्हणून राष्ट्रांच्या मौनाचा मी वर जो पुरस्कार केला तो याही मौनाला लागू होतो काय, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. माझे उत्तर नाही असे आहे. माझ्यामागे कोणी राजा उभा नव्हता. मी कोणाचा शब्द घेऊन आलो नव्हतो. मला नाकारल्याने कोणत्याही दोन राज्यांचे सख्य टिकत नव्हते. मी आपल्या पत्नीला आणि दोन मुलांना घेऊन, डोक्यावर छप्पर हवे म्हणून आलो होतो. दूताला नाकारण्याचा जो राजाधिकार, तो एका वसाहतीने अतिथीवर चालवला, हा अधिकाराचा अपहार होय. कोसाडच्या या आवासांत राहणाऱ्या कितीतरी लोकांनी तो अनुभव माझ्याहून अधिक वेळा घेतला आहे. कोणी जातीमुळे, कोणी धर्मामुळे, कोणी केवळ परप्रांतीय म्हणून. राज्यांनी आपल्या दारी जे सावधपण राखावे ते माणसांनी माणसांच्या दारी राखू लागणे, या काळातील एक मोठे दुःख आहे असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही: अनुज्ञा यजमानाची जशी लागते तशी पाहुण्याचीही लागते. उद्योगपर्वात श्रीकृष्ण पांडवांचा दूत होऊन हस्तिनापुरास जातो. दुर्योधन त्याच्यासाठी भोजनाची थाटाची सिद्धता करतो. आणि श्रीकृष्ण ते भोजन नाकारतो. दूत कार्य सिद्ध झाल्यावरच यजमानाची पूजा स्वीकारतो, असे तो सांगतो, आणि पुढे असेही म्हणतो की, अन्न घ्यावे ते प्रेमामुळे किंवा आपत्तीमुळे. तुझे माझ्यावर प्रेम नाही आणि मी आपत्तीत नाही. मग तो विदुराच्या घरी जेवतो. याच दुर्योधनाने पुढे दूताला बांधून ठेवण्याचा बेत केला. ज्याने आत घेताना व्रत म्हणून घेतले नाही, ज्याने केवळ डामडौल म्हणून घेतले, त्याच्या हातून व्रतभंग होणारच हे श्रीकृष्णाने त्या पक्वान्नांतच ओळखले असावे. राजदूताच्या स्वागतासाठी किती तोफा झाल्या, किती अंतर सामोरे गेले, कसला शिरपाव दिला, याच्या याद्या आमच्या जुन्या दफ्तरांत पानोपानी सापडतात. आतल्या मनात व्रत होते की नाही हे मात्र कोणत्याही यादीत लिहिलेले नसते, ते पुढच्या वर्तनातच वाचावे लागते.

असे वर्तन मला सुरतेशी जोडलेल्या एका हकिकतीत वाचावयास मिळते. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाने सुरतेत दिवस काढीत होते त्या काळात त्यांनी हणमंतराव नावाचा एक ब्राह्मण वकील, मणियार रतनजी या पारशी गृहस्थाबरोबर, विलायतेस पाठवला. १७८१ साली ही मंडळी लंडनमध्ये होती. ज्यांच्या वतीने ती आली होती त्यांच्याजवळ ना सिंहासन उरले होते ना सैन्य. परकीय आश्रयाला बसलेल्या माणसाच्या वकिलाला दरबारी मान कोण देणार? त्यातून हणमंतराव आपल्या आचाराचा कडक. दुसऱ्याच्या हातचे अन्न त्याला चालेना, स्वयंपाकाला व स्नानसंध्येला स्वतंत्र जागा मिळेना, आणि लंडनच्या थंडीत त्याचे हाल चालले होते. एडमंड बर्क या थोर संसदपटूला हे कळले. त्याने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि तेथे वनस्पतींसाठी बांधलेले काचेचे ऊबदार घर हणमंतरावाच्या हवाली केले. तो ब्राह्मण तेथे स्वतःच्या हाताने शिजवी, जमिनीवर बसून जेवी, आपली पूजाअर्चा करी. पाहुण्याला पाहण्यास बर्कचे मित्र येत, आणि यजमान त्याच्या आचारविचारांविषयी आदराने विचारपूस करी. दरबाराने दूत म्हणून ज्याला फारसे जवळ केले नाही, त्याला एका गृहस्थाने अतिथी म्हणून, झाडांमध्ये, काचेच्या छपराखाली जागा दिली. सुरतेच्या इतिहासातील तहनामे आणि लुटीच्या याद्या वाचून शिणले म्हणजे मी त्या काचेच्या घराचा विचार करतो: बाहेर इंग्लंडचा पाऊस पडत असेल, आत भाताला आधण आले असेल, आणि हणमंतराव आपल्या पोथीवरून नजर उचलून वाफेने धुरकटलेल्या काचेतून बाहेर पाहत असेल.